आधी चड्डी, मग चिलखत

पार्सल उघडलं तेव्हा बायको समोरच बसली होती. कागदांच्या बोळ्यांतून निघालं एक लोखंडी शिरस्त्राण. पंधराव्या शतकातलं, 'सॅलेट' नावाचं. मागे मानेवर शेपटीसारखं निमुळतं होत गेलेलं, पुढे डोळ्यांपुरती एक आडवी फट. तेलात माखलेलं होतं, हात काळे झाले. मी ते डोक्यावर चढवून आरशाकडे वळणार, तेवढ्यात तिनं आतल्या चामड्याच्या पट्टीवरची चिठ्ठी वाचली. 'मेड इन इंडिया.'

"गेल्या खेपेला बार्शीहून येताना चटण्यांबरोबर बॅगेत घातलं असतंस," ती म्हणाली, "पोस्टाचा खर्च वाचला असता."

युरोपातली हौशी मंडळी आज जी शिरस्त्राणं आणि कड्यांची चिलखतं घालून मध्ययुगीन लढाया लढतात, त्यांतला स्वस्तातला बराचसा माल भारतात बनतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टींची यादी मोठी होती. त्यात सगळ्यात वरची ही, की नवख्या माणसानं शिरस्त्राण कधीही पहिलं विकत घेऊ नये.

आम्ही इंग्लंडच्या पश्चिमेला राहतो. इथून गाडीनं तासाभरावर ट्यूक्सबरी नावाचं गाव आहे. 4 मे 1471 रोजी गावाबाहेरच्या शेतांत यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांची लढाई झाली. लँकेस्टरची बाजू हरली, त्यांचा तरुण राजपुत्र एडवर्ड मारला गेला. पळालेले लोक तिथल्या मठाच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेले, त्यांच्या सरदारांना बाहेर काढून दोन दिवसांत मुंडकी उडवली. त्या लढाईचा प्रयोग दर जुलैमध्ये तिथे होतो. शेकडो माणसं त्या काळचे कपडे घालून तंबूत राहतात, चुलीवर शिजवतात, दुपारी लढतात आणि संध्याकाळी मेलेले उठून बिअर प्यायला जातात. तीन वर्षं कुंपणाबाहेरून बघितलं. चौथ्या वर्षी एका गटाला ईमेल केली.

पहिल्या भेटीला मी सॅलेट काखोटीला मारून ऐटीत गेलो. गटात सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, जन्मभर सुतारकाम केलेले, कपड्यांची तपासणी त्यांच्याकडे. त्यांनी सॅलेटवर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, परत माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "चड्डी आहे?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

चूक नव्हती. चिलखत आतून बाहेर चढतं. सगळ्यात आत लिननची चड्डी, तिला ब्रेज म्हणतात. तेराव्या शतकात ती चांगली घोळदार होती, आपल्या धोतराच्या वळणाची. पंधरावं शतक येईतो आटत आटत चिमूटभर राहिली. ऑस्ट्रियात लेंगबर्ग नावाच्या वाड्याची 2008 मध्ये दुरुस्ती चालली होती, तेव्हा एका खोलीच्या तळफळ्यांखालच्या भरावात पंधराव्या शतकातल्या कापडांचा ढिगारा सापडला. त्यात अशी एक चड्डी होती, बाजूला नाडीनं गाठ मारायची. सहाशे वर्षांपूर्वीच्या तलवारी पुष्कळ उरल्यात. चड्डी उरणं ही जास्त नवलाची गोष्ट, कारण ती फाटली की तिची चिंधी होते, आणि चिंधी शेवटी चुलीत जाते.

चड्डीवर लिननचा सदरा. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. आम्ही आयुष्यभर जवसाची चटणी खाल्ली, पण त्या झाडाचं कापड होतं हे मला इथे येऊन कळलं. वाण वेगळं, तेलाचं बुटकं आणि धाग्याचं उंच, पण झाड तेच. सदरा अंगाला, म्हणजे घामाला. बाहेरचे लोकरीचे कपडे फारसे धुतले जात नसत, धुवायचा तो सदरा.

आणि मग ती होज. पायांवर चढवायची लोकरीची विजार, पायाला चिकटून बसणारी, पण त्या काळी स्वेटरसारखं सुयांवर विणलेलं, ताणणारं कापड विजारींना वापरत नव्हते. मग चिकटते कशी? तर कापड उरेब कापून. आमच्या बार्शीचा शिंपी ब्लाउजच्या बाह्यांच्या पट्टीसाठी तिरकं कापड कापायचा, तेच. तिरक्या कापडाला ताण येतो. गंमत पुढे आहे: या विजारीला नाडी नाही, पट्टा नाही. ती वरच्या डब्लेटला, म्हणजे तंग बंडीला, बंदांनी बांधायची. बंडीच्या खालच्या काठाला जोडीजोडीनं भोकं, विजारीच्या वरच्या काठाला तशीच भोकं, आणि टोकाला पितळी टोपण असलेल्या बंदांनी कमरेभोवती गाठी. आपल्या बाराबंदीचे बंद छातीवर असतात, इथे ते कमरेवर आले एवढंच. बंडी ढगळ असेल तर विजार घसरते. बंडी आखूड असेल तर वाकलं की मागचे बंद तटातट तुटतात. त्या काळच्या चित्रांत शेतात राबणाऱ्या माणसांनी मागचे बंद सोडून विजार खाली गुंडाळलेली दिसते. मला आधी तो चित्रकाराचा वात्रटपणा वाटला होता. एक दिवस तंबूचे खुंटे ठोकले आणि पटलं. संडासला जाताना किती गाठी सोडायच्या आणि परत येऊन कुणाकडून बांधून घ्यायच्या, यावर गटात वेगळा अध्याय आहे. तो इथे नको.

बुटांबद्दल थोडक्यात. ते उलटे शिवतात आणि मग मोज्यासारखे सुलटे करतात, म्हणून शिवण आत जाते. तळ एकेरी चामड्याचा. ओल्या गवतावर मी पहिल्याच दिवशी दोनदा आपटलो. चालताना टाच आधी टेकवायची सवय मोडावी लागते. त्या काळच्या हौशी लोकांनी बुटांची टोकं इतकी लांबवली होती, की 1463 च्या कायद्यानं लॉर्डच्या खालच्या माणसाला दोन इंचांपेक्षा लांब टोक घालायची बंदी केली. त्याच कायद्यानं सामान्यांना ढुंगण न झाकणारी आखूड बंडी घालायचीही मनाई होती. पोरं काय घालतात यावर कुरकुरणारे म्हातारे तेव्हा संसदेत बसत असावेत.

लोकरीबद्दल मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोलापूरकडचा माणूस घोंगडी ओळखतो. इंग्लंडचं चांगलं कापड विणून झाल्यावर ओलं करून, चिकण मातीनं तेल काढून, पाणचक्कीच्या दांड्यांनी कुटत. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीची बहीण. कुटून कापड आटतं, दाट होतं, मग नुसतं कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत आणि पाऊस वरूनच ओघळतो. पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरामागे उभ्या असलेल्या धनगराला यातलं एक अक्षर समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या भागातली कॉट्सवोल्डची भव्य चर्चं याच लोकरीच्या पैशावर उभी आहेत.

इतकं सगळं चढवल्यावर पहिली संरक्षक वस्तू येते, आणि ती लोखंडाची नसते. तिचं नाव जॅक.

जॅक म्हणजे लिननचे थरावर थर ठेवून, आरपार टाके घालून शिवलेला जाड कोट. काही वेळा थरांऐवजी मध्ये कापूस किंवा जवसाच्या तंतूंचा भराव. याच्याच जुन्या जातीला 'अॅकटन' म्हणत, आणि तो शब्द अरबी 'अल-कुत्न'वरून, म्हणजे कापसावरून आला. धनुर्धाऱ्याला, भालेकऱ्याला, ज्याला पूर्ण लोखंड परवडत नाही अशा प्रत्येकाला जॅक हेच चिलखत. 1483 मध्ये लंडनला असलेल्या डॉमिनिक मॅन्चिनी या इटालियन माणसानं इंग्रज सैनिकांचे हे भरावाचे अंगरखे बघून लिहून ठेवलं, की ते जितके मऊ तितका बाणांचा आणि तलवारींचा मार चांगला सोसतात, आणि लोखंडापेक्षा उन्हाळ्यात हलके, हिवाळ्यात कामाचे. मला हे वाक्य चिलखतांवरच्या सगळ्या चोपड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. मऊ गोष्ट मार सोसते, कारण ती घाव अडवत नाही, पसरवते. तलवारीला कापायला ताठ काही सापडत नाही.

गटाच्या सुतारबाबांनी सांगितलं, जॅक स्वतः शिवायचा. विकतचा महाग, आणि स्वतः शिवला की अंगाला बसतो. मी दुकानातून पांढरंशुभ्र, कडक नवं लिनन आणलं. थर कापले, जमिनीवर पसरले आणि रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला, कौतुक करून घ्यायला.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात किती वाकळी शिवल्या याचा हिशेब तिच्याकडे नाही. पुण्याकडचे गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"वाकळ शिवतोयस?"

"नाही गं, चिलखत आहे."

"चिलखत लोखंडाचं असतं. शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत घातलं होतं ते. ही वाकळच आहे. आणि नवं कापड? वाकळीत नवं कापड घालतं होय कुणी! जुनेर लागतं बाबा. नवं सुईला अडतं आणि अंगाला टोचतं."

मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाचा जॅकबद्दलचा हुकूम वाचायला मिळाला. हा राजा 1461 ते 1483 गादीवर होता. त्यानं लिहवून घेतलं आहे: जॅकला कापडाचे 30 थर हवेत, निदान 25, आणि वर हरणाचं कातडं. कापड वापरून मऊ पडलेलं असावं, तेच या कामाला उत्तम. चार तुकड्यांत शिवावा. म्हणजे जुनेर. फ्रान्सचा राजा आणि बार्शीतली माझी आई एकच गोष्ट सांगत होते, फक्त तिनं आधी सांगितली होती.

नवं लिनन कपाटात गेलं. धर्मादाय दुकानांतून जुन्या लिननच्या चादरी गोळा केल्या, कुणाकुणाच्या आजीच्या रुखवतातल्या असाव्यात, कोपऱ्यात भरतकामाची आद्याक्षरं असलेल्या. धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. पुढचा रविवार आईच्या ताब्यात गेला. "कोपऱ्यांवर वजनं ठेव. हात फिरव, सुरकुती मोड. मधनं टाचायला घे, कडंनं घेतलंस की मधी फुगा येतो." दोऱ्याला मेण लाव, हे सुतारबाबांचं. टाका लांब नको, हे दोघांचंही. मी 16 थरांवर थांबलो. तिसाच्या वाटेला गेलो नाही, कारण सोळा थरांतच सुई मोडली आणि मग दाभण, पक्कड आणि शिव्या यांवर काम चाललं. हिवाळाभर संध्याकाळी दोन-दोन ओळी. बोटाला घट्टे पडले. एकदा एक अख्खी ओळ घालून झाल्यावर कळलं, की सोफ्याचं कव्हरही आत शिवलं गेलं आहे.

बाह्या अंगाइतक्याच जाड केल्या. घालून बघितलं तर हात वर जाईना, शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा. उसवल्या. काखेत जागा सोडून पुन्हा लावल्या. गळपट्टी मात्र छान उंच उभी राहिली होती, मान झाकणारी, मला तिचा फार अभिमान. पहिल्या सरावाला जॅकवर सॅलेट घातलं आणि मान वर केली. सॅलेटची शेपटी गळपट्टीला टेकली, सगळं टोपडं पुढे कलंडलं आणि डोळ्यांसमोरची फट नाकावर आली. मी आंधळा. समोरच्यानं हळूच बरगडीत काठी टोचून सांगितलं, "तू मेलास." घरी येऊन लुईचा हुकूम पुन्हा काढला. पुढे लिहिलेलंच होतं: गळपट्टी मागे फार उंच नको, सॅलेटला जागा राहिली पाहिजे. बाहीचं भोक मोठं ठेवा, हेही होतंच. मी पहिल्या दोन ओळींवर खूश होऊन कागद मिटला होता.

त्याच सॅलेटच्या आतल्या चामड्याच्या पट्ट्याही काढून टाकाव्या लागल्या. नुसत्या पट्ट्यांवर बसलेलं शिरस्त्राण म्हणजे देवळातली घंटा, आत आपण लोळी. त्या काळी आत लिननचं, घोड्याचे केस किंवा तंतू भरलेलं अस्तर शिवत. पुन्हा तेच, मऊ आधी, लोखंड नंतर. अस्तर घातल्यावर फटका बसला की 'टण्ण'ऐवजी 'थप्प' येतो, आणि त्या दोन आवाजांत दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं अंतर असतं. कव्हेंट्रीच्या हर्बर्ट संग्रहालयात त्याच काळातलं एक खरं सॅलेट आहे. ते बघताना मी आतल्या काठावरची रिबिटांची रांग शोधत होतो, जिथे अस्तर अडकवलेलं असणार. शेजारची माणसं वरची झळाळी बघत होती.

कड्यांचं चिलखत माझ्याकडे नाही, गटातल्या एकाचं घालून बघितलं. एकेक कडी चार कड्यांत ओवलेली, प्रत्येक कडीचं तोंड इवल्याशा रिबिटानं बंद केलेलं. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी स्वस्त पडते, पण ताण आला की उघडते, आणि तपासणीत तर लगेच कळते. हातात घेतलं की ओल्या कणकेच्या गोळ्यासारखं ओघळतं. वजन बारा-तेरा किलो, सगळं खांद्यांवर. कमरेला पट्टा आवळून वर थोडं ओढून घेतलं की निम्मं वजन कमरेवर येतं. काढायची तऱ्हा अशी: कमरेत वाकायचं, हात खाली सोडायचे आणि अंग झटकायचं. ते स्वतःच डोक्यावरून सरकत जमिनीवर पडतं, जाताना दाढीचे चार केस घेऊन जातं.

पूर्ण पत्र्याचं चिलखत सरदारांचं. वीस ते पंचवीस किलो, पण अंगभर वाटलेलं, त्यामुळे घालून पळता येतं, घोड्यावर चढता येतं. सरदाराला यारीनं उचलून घोड्यावर ठेवत, ही मागाहूनची थाप. फ्रान्सचा बूसिको नावाचा सेनापती, 1421 मध्ये वारला, तो चिलखत घालून कोलांट्या मारायचा. ते चिलखत कसं बांधत हे कळायला वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमधला रिचर्ड बीचम या अर्लचा, म्हणजे बड्या सरदाराचा, सोनेरी मुलामा दिलेला पुतळा फार कामाचा. उताणा निजलेला आहे, पण घडवणाऱ्यानं पाठीकडचे पट्टे, बकला, बिजागऱ्यासुद्धा पूर्ण काढल्यात, कुणी कधी बघणार नाही हे माहीत असून. आमच्या गटातलं एकमेव पत्र्याचं चिलखत चढवायला दोन माणसं आणि पाऊण तास लागतो, आणि त्याच्याही आत जाड शिवलेली बंडी असते, तिच्याच बंदांना पत्रे बांधतात. म्हणजे सरदारसुद्धा शेवटी शिंप्यावर लटकलेला.

माझ्या हातात बिल दिलं. लांब दांड्याचं शस्त्र, इंग्रज पायदळाचं आवडतं. शेतातल्या झुडपं तोडायच्या कोयत्याला दांडा लावला आणि टोक काढलं की बिल. आमचं मात्र बोथट, कडा गोल घासलेल्या. ऊसतोडीच्या मुलखातून आलो असल्यानं मूठ आपोआप जमली.

जुलैच्या त्या शनिवारी सुतारबाबांनी रांगेत सगळ्यांना बघितलं. घड्याळ काढा. चष्मा काढा, किंवा त्या काळचा नाकावर चिमटणारा आणा. शिवणीवर मशीनचा टाका दिसला की बोट ठेवायचे. माझ्या जॅकवर अंगठा दाबून आत किती जातो ते पाहिलं, आणि पुढे गेले. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक मिळत नाही.

आमचा गट लँकेस्टरचा. आम्ही दरवर्षी हरतो. ऊन रणरणत होतं, इंग्लंडच्या मानानं. 1471 मध्येही लढाईच्या आदल्या दिवशीची कूच कडक उन्हातली होती, पाण्यावाचून लोक टेकीला आले होते असं बखरीत आहे. लोकरीची विजार, सोळा थरांचा जॅक, डोक्यावर लोखंड. बायका पाण्याचे घडे घेऊन रांगांतून फिरत होत्या आणि ते नाटक नव्हतं. मी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या हल्ल्यात मेलो. कुंपणाजवळ पडलो होतो, तिथून एका सात-आठ वर्षांच्या मुलीनं वाकून विचारलं, "तेव्हा इथे भारतातले लोक होते?"

मेलेल्यानं बोलायचं नसतं. पण मी कुजबुजलो, "लोकांचं माहीत नाही. भारतातलं मिरं आणि आलं आलेलं होतं." मलबारचं मिरं व्हेनिसमार्गे इथल्या श्रीमंतांच्या ताटात पडत होतं, हे खरंच आहे. तिला ते उत्तर फारसं आवडलं नाही. सॅलेटमधली चिठ्ठी मी फाडायला नको होती, तिला दाखवता आली असती.

रात्री तंबूत पेंढ्याच्या गादीवर झोपलो. दिवसभराच्या उन्हाचा मागमूस नव्हता, मध्यरात्रीनंतर हुडहुडी भरली. स्लीपिंग बॅग नियमाविरुद्ध, लोकरीचं पांघरूण अपुरं. अंधारात चाचपडत जॅक ओढला आणि अंगावर घेतला. जड, थंड, मग पाच मिनिटांत ऊबदार. घामाचा, मेणाचा आणि धुराचा वास. टाक्यांच्या ओळी गालाला लागत होत्या.

सोमवारी आईला सांगितलं.

"मग? वाकळच होती ना? धुतलीस का?"

"सोळा थर आहेत आई. धुतली तर आठवडाभर वाळायची नाही, आतून कुजेल."

"वाकळ रोज थोडीच धुतात! उन्हात टाक."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळपासून भुरभुर चालू होती.